पहिल्या पानावर, धूळफेक न करता

तलाठ्याकडून मिळणाऱ्या सातबाऱ्यावर वरच्या भागात 'गाव नमुना सात' असे छापलेले असते आणि कंसात 'अधिकार अभिलेख पत्रक'. खालच्या भागात 'गाव नमुना बारा', कंसात 'पिकांची नोंदवही'. सातबाऱ्याला अधिकार अभिलेख पत्रक म्हणणारा शेतकरी दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. तो सातबारा म्हणतो, उतारा म्हणतो. मोबाइलवर टाइप करताना कधी '७/१२' लिहितो, कधी 'सातबारा', तर कधी हाच शब्द रोमन लिपीत.

आता समजा, तालुक्याच्या गावी वकिली करणाऱ्या एकाने आपल्या वेबसाइटसाठी एक पान लिहिले. मथळा दिला 'महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, कलम १५५ अन्वये लेखनप्रमादांची दुरुस्ती'. मजकूर बिनचूक आणि अनुभवातून आलेला. इकडे ज्याच्या उताऱ्यावर 'शिंदे'चे 'शिदे' झाले आहे, तो मोबाइलला विचारतो, 'सातबाऱ्यावर नाव चुकले आहे, काय करावे'. एकाकडे प्रश्न, दुसऱ्याकडे नेमके उत्तर. पण दोघांची गाठ पडत नाही, कारण वकिलांच्या अख्ख्या पानावर 'सातबारा' हा शब्द एकदाही आलेला नाही.

ही गाठ घालून देण्याच्या उद्योगाला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, म्हणजेच एसईओ म्हणतात. या तीन अक्षरांचे नाव काढले की बऱ्याच लिहिणाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते, आणि ती अगदीच विनाकारण नाही. पंधरा दिवसांत पहिल्या पानावर आणून देण्याच्या जाहिराती, एकच शब्द चाळीस वेळा कोंबलेले लेख आणि विकत घेतलेल्या लिंका हेही सगळे याच नावाने चालते. त्यामुळे आधी हे यंत्र काय करते आणि त्याला फसवणाऱ्यांचे काय झाले, ते पाहायला हवे.

सर्च इंजिनाचे काम तीन टप्प्यांत चालते. क्रॉलर नावाचा प्रोग्रॅम एका पानावरच्या लिंकेवरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या पानावर जात सगळीकडचा मजकूर गोळा करतो. मग त्याची सूची तयार होते. जाड संदर्भग्रंथाच्या शेवटी कोणता शब्द कोणत्या पानावर आहे ते सांगणारी सूची असते, तशीच, फक्त अब्जावधी पानांची. कोणी काही शोधले की या सूचीतून योग्य पाने निवडून त्यांचा क्रम लावला जातो. आपण शोधतो तेव्हा गूगल त्या क्षणी इंटरनेट पालथे घालत नाही, ते आपली सूची उघडते. जे पान सूचीत नाही, ते शोधणाऱ्याच्या लेखी अस्तित्वातच नाही.

खरी गंमत तिसऱ्या टप्प्यात, क्रम लावण्यात आहे. जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी १९९४ मध्ये सुरू केलेली 'याहू' ही मुळात माणसांनी हाताने लावलेली यादी होती. तिच्या वर्गवाऱ्यांत नावे वर्णानुक्रमे येत, म्हणून वर दिसण्यासाठी लोक साइटचे नावच 'ए'ने सुरू करत. १९९५च्या डिसेंबरात आलेले 'अल्टाव्हिस्टा' हे पूर्ण मजकूर धुंडाळणारे इंजिन होते. त्या पिढीतली इंजिने बरीचशी पानावरच्या शब्दांवर विसंबून असत. लोकांच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत शंभर वेळा तोच शब्द लिहायचा. वाचणाऱ्याला काही दिसत नाही, यंत्राला मात्र सगळे दिसते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या विद्यार्थ्यांनी यावर शोधलेला तोडगा ग्रंथालयाच्या कपाटातून आलेला होता. एखाद्या शोधनिबंधाचे वजन त्याचा संदर्भ किती जणांनी आणि कोणी दिला यावरून ठरते, मग वेबपानांचे का ठरू नये? दुसऱ्या साइटने दिलेली लिंक म्हणजे एक शिफारस. ज्याच्या शिफारशी जास्त तो वजनदार, आणि वजनदाराने केलेली शिफारस अधिक मोलाची. या पद्धतीला त्यांनी 'पेजरँक' म्हटले. यातला पेज म्हणजे लॅरी पेज. १९९८ मध्ये गूगल कंपनी स्थापन झाली, आणि शब्द कोंबणाऱ्यांची सद्दी ओसरू लागली.

मग लिंकांचा बाजार भरला.

लिंकेत किती ताकद आहे हे २००३च्या अखेरीस एका खोडीने जगजाहीर झाले. गूगलवर 'दारुण अपयश' या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द टाकले की पहिले पान यायचे ते राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या अधिकृत चरित्राचे. त्या पानावर ते शब्द नव्हतेच. असंख्य लोकांनी आपापल्या साइटवर हे शब्द लिहून त्यांना बुश यांच्या पानाची लिंक दिली होती, आणि यंत्राने ती जनतेची शिफारस मानली. या प्रकाराला आळा घालणारा बदल गूगलने २००७च्या जानेवारीत केला.

ही थट्टा होती. धंद्यातला प्रकार कसा असतो याचा नमुना मात्र २०११च्या फेब्रुवारीत 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापला. अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या दुकानसाखळीचे नाव त्या आधीच्या नाताळच्या हंगामात गूगलवर कशातही पहिले येत होते : कपडे शोधा, चादरी शोधा, गालिचे शोधा. 'सॅमसोनाइट'ची हातातली बॅग शोधली तरी खुद्द सॅमसोनाइटच्या आधी पेनी हजर. वृत्तपत्राने एका जाणकाराला खोदायला सांगितले, तेव्हा दोन हजारांहून अधिक पानांवर पेनीच्या लिंका पेरलेल्या आढळल्या, त्याही कपड्यांशी किंवा फर्निचरशी काडीचा संबंध नसलेल्या आणि कित्येक तर ओस पडलेल्या साइटवर. गूगलला विचारणा होताच कारवाई झाली. बातमीनुसार, एका बुधवारी संध्याकाळी सात वाजता सॅमसोनाइट बॅगेच्या शोधात पेनी पहिल्या क्रमांकावर होती. दोन तासांनी ती एकाहत्तरावी होती. कंपनीने आपल्याला यातले काही माहीत नसल्याचे सांगितले आणि एसईओचे काम पाहणाऱ्या संस्थेला काढून टाकले.

असे उदाहरण हे एकच नाही. २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन साइट काही दिवस गूगलच्या सूचीतून बाहेर काढली गेली होती. यंत्रासाठी 'जुनी गाडी' हे शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेली वेगळी पाने बनवायची, आणि माणूस आला की त्याला पटकन दुसऱ्याच चकचकीत पानावर ढकलायचे, अशी ती युक्ती होती. सगळ्यांत मजेदार प्रकरण २०१२च्या जानेवारीतले. गूगलच्याच क्रोम ब्राउझरच्या जाहिरात मोहिमेत पैसे देऊन लिहून घेतलेल्या लेखांपैकी एकात नियमात न बसणारी लिंक निघाली, आणि गूगलला क्रोमचे पान निदान साठ दिवसांसाठी खाली ढकलावे लागले. स्वतःच्याच सापळ्यात स्वतःचा पाय! नियम असा की पैसे घेऊन दिलेल्या लिंकेवर तशी खूण करायची. 'नोफॉलो' ही खूण २००५ मध्ये आली, आणि २०१९ मध्ये प्रायोजित लिंकांसाठी वेगळी खूण आली. खूण केलेली लिंक वाचकाला वापरता येते, शिफारस म्हणून मात्र ती मोजली जाऊ नये असा संकेत यंत्राला मिळतो. पाहुणा लेख किंवा प्रायोजित मजकूर छापणाऱ्या मराठी साइटवर ही खूण दिसतेच असे नाही. विसरभोळेपणा म्हणून हे सोडून द्यायला हरकत नव्हती, पण इथे फसतो तो वाचक.

शब्द झाले, लिंका झाल्या, तिसरा डाव मजकुराचाच होता. लोक काय शोधतात ते पाहून त्या प्रत्येक प्रश्नावर घाऊक भावात लेख लिहून घेणाऱ्या कंपन्या अमेरिकेत उभ्या राहिल्या. २०११च्या फेब्रुवारीत गूगलने 'पांडा' नावाचा बदल आणला, तो याच पातळ मजकुराविरुद्ध. अमेरिकेतल्या सुमारे बारा टक्के शोधांचे निकाल त्यामुळे बदलले. या नावाचा त्या काळ्यापांढऱ्या प्राण्याशी संबंध नाही, ते गूगलमधल्या नवनीत पांडा या अभियंत्याचे आडनाव आहे. पुढच्या वर्षी लिंकांच्या गैरव्यवहारासाठी 'पेंग्विन' आला. २०२२च्या ऑगस्टमध्ये वाचकाऐवजी यंत्रासाठी लिहिलेला मजकूर मागे सारणारा बदल आला, आणि २०२४च्या मार्चमध्ये घाऊक मजकूरनिर्मितीविरुद्ध स्पष्ट नियम झाला. या शेवटच्या नियमाचा अर्थ पुष्कळांनी चुकीचा लावला. यंत्राकडून लिहून घेतले म्हणून पान वगळले जाईल असे त्यात म्हटलेले नाही. क्रमवारीत घुसण्यासाठी, वाचकाच्या पदरात काही न टाकणारी ढीगभर पाने काढणे हा गुन्हा, मग ती यंत्राने लिहिलेली असोत की माणसाने.

घाऊक मजकूर ओळखायला मराठी वाचकाला अल्गोरिदमची गरज नाही. कांदेपोह्यांची कृती शोधावी आणि पान उघडावे. 'नमस्कार मित्रांनो, आजच्या या लेखात आपण कांदेपोहे रेसिपी मराठी मध्ये पाहणार आहोत. कांदेपोहे हा महाराष्ट्रातील अत्यंत लोकप्रिय पदार्थ आहे. कांदेपोहे रेसिपी मराठी मध्ये शोधत असाल तर तुम्ही योग्य ठिकाणी आला आहात.' मग पोह्यांचा इतिहास, पोह्यांचे फायदे, लग्न ठरवतानाचे पोहे, आणि अंगठा दुखेपर्यंत पान सरकवल्यावर कधीतरी फोडणी. या सगळ्यात पोहे किती वेळ भिजवायचे हे नसतेच. खरे तर जाड पोहे चाळणीत घेऊन धुवायचे आणि निथळत ठेवायचे, पाण्यात बुडवून ठेवले की लगदा होतो. एवढे एक वाक्य पहिल्या परिच्छेदात लिहिणारी बाई त्या पंधराशे शब्दांच्या लेखापेक्षा सरस एसईओ करत असते, भले तिने ते नाव कधी ऐकलेले नसो. लेख इतक्या शब्दांचा हवाच अशी अट गूगलने घातलेली नाही, उलट ठराविक शब्दसंख्येच्या मागे लागू नका असे ते लिहून सांगते.

आता पुन्हा वकिलांच्या पानाकडे. त्यांनी काय बदलावे?

सगळ्यात आधी मथळा. पानाचे टायटल, म्हणजे शोधाच्या निकालात निळ्या अक्षरांत दिसणारी ओळ, हीच वाचकाची पहिली आणि अनेकदा शेवटची भेट. 'सातबाऱ्यावर नाव चुकले असल्यास दुरुस्ती कशी करावी (कलम १५५)' असे लिहिले की शेतकऱ्याचा शब्दही आला आणि कायद्याचाही. टायटल फार लांबले की निकालात ते मध्येच तुटते, म्हणून महत्त्वाचे शब्द आधी आणि संस्थेचे नाव शेवटी. वृत्तपत्राच्या डेस्कवर मथळा तीन स्तंभांत बसवणाऱ्या उपसंपादकाला यात नवे काही वाटणार नाही. टायटलखाली जो दोन ओळींचा सारांश दिसतो, त्याच्यासाठी मेटा डिस्क्रिप्शन लिहिता येते. त्याने क्रमवारी वाढत नाही, आणि गूगल अनेकदा ते बाजूला ठेवून पानातलीच वाक्ये उचलते. तरीही ते नीट लिहावे, कारण ते दिसते तेव्हा वाचक ते वाचून आत यायचे की नाही ते ठरवतो. कीवर्डची जी एक वेगळी छुपी जागा पानाच्या कोडमध्ये असते, ती भरण्यात मात्र वेळ दवडू नये. क्रमवारीसाठी आपण ती पाहत नाही, असे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे.

मग उत्तर. कोणाकडे अर्ज करायचा, सोबत कोणते कागद लावायचे, किती दिवस लागतात आणि अर्ज फेटाळला तर पुढे काय, याच क्रमाने शेतकऱ्याच्या मनात प्रश्न येतात, आणि उपशीर्षकेही याच क्रमाने हवीत. खातेदाराचे नाव टंकताना चुकले असेल तर एक मार्ग, आणि वारसाचे नाव लागलेलेच नसेल तर फेरफाराचा वेगळा मार्ग. दोन्ही एका पानात कालवू नयेत. फेरफाराचे वेगळे पान करावे आणि पहिल्यातून त्याला लिंक द्यावी. त्या लिंकेवर 'येथे क्लिक करा' असे लिहू नये. 'वारस नोंदीसाठी फेरफार' असे लिहावे. बुश यांचे प्रकरण आठवा. लिंकेवरचे शब्द यंत्र वाचते, आणि पडद्यावरचा मजकूर ऐकून वाचणाऱ्या अंध वाचकालाही त्यावरूनच कळते की पुढे काय आहे.

लोक कोणते शब्द वापरतात हे अंदाजाने ठरवण्याचीही गरज नसते. गूगलचे 'सर्च कन्सोल' फुकट आहे. आपली साइट कोणत्या शोधांत दिसली, किती वेळा दिसली आणि किती जणांनी ती उघडली, हे त्यात दिसते. वकिलांनी महिनाभराने ती यादी उघडली तर एखादे वेळी 'सातबारा चुकीचे क्षेत्र' असा शोध तीनशे वेळा येऊन गेलेला दिसेल, आणि त्यावर एकही क्लिक नसेल. म्हणजे लोक क्षेत्राबद्दल विचारत आहेत आणि पान फक्त नावाबद्दल बोलत आहे. पुढचे पान कशावर लिहायचे, हे वाचकांनीच सांगितले. अर्थात यादीवर आंधळेपणाने विसंबून चालत नाही. गूगलवर रोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे पंधरा टक्के शोध पूर्वी कधीच न झालेले असतात, असे कंपनी सांगत आली आहे. ज्याला शेतकऱ्यांशी बोलायची सवय आहे, त्याला हे प्रश्न यादीच्या आधी ठाऊक असतात.

इथे मराठीचा स्वतःचा भाग सुरू होतो, आणि इंग्रजीतल्या एसईओच्या पुस्तकांत तो सापडत नाही.

युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर ज्या फाँटांत टाइप होई, त्यांत देवनागरी हे निव्वळ सोंग असे. डोळ्यांना 'क' दिसे, पण संगणकाच्या पोटात एखादे रोमन अक्षर नाहीतर चिन्ह असे. तो फाँट नसलेल्या संगणकावर पान म्हणजे किडामुंगी, आणि सर्च इंजिनाच्या लेखी तर कायमचीच किडामुंगी. त्या काळात वेबवर चढवलेला कितीतरी चांगला मजकूर कोणाला कधी सापडलाच नाही, कारण यंत्राला तो मराठी वाटलाच नाही. युनिकोडने हा प्रश्न सोडवला, तरी त्याचा धाकटा भाऊ अजून हयात आहे. मराठी मजकूर चित्रात लिहून टाकण्याची हौस! कार्यक्रमाची पत्रिका, पाककृती, योजनेच्या अटी, सगळे रंगीत पोस्टरवर. चित्रातली अक्षरे वाचण्यात यंत्रे पुष्कळ सुधारली असली तरी पानावरच्या सरळ मजकुराची सर त्याला नाही. पोस्टर लावायचे तर लावा, पण खाली तीच माहिती टाइप करा आणि चित्राच्या ऑल्ट टेक्स्टमध्ये चित्रात काय आहे ते एका वाक्यात लिहा.

युनिकोडातही खाचखळगे आहेत. 'ॲप' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक म्हणजे 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ साली आले, आणि दुसरी म्हणजे 'अ'वर वेगळा चंद्र. डोळ्यांना दोन्ही एकच, पण संगणकासाठी ते दोन निराळे शब्द. 'ऱ्या'चेही तसेच. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीवर मास्तर ओरडतात, पण सह्याद्रीच्या 'दऱ्या' लिहायला जावे आणि कीबोर्डाच्या कृपेने 'दर्या' उमटावा, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात! गूगलसारखे मोठे इंजिन असे बरेचसे फरक समजून घेते. साइटच्या स्वतःच्या शोधचौकटीला मात्र ते अनेकदा जमत नाही. म्हणून एका साइटवर एकच कीबोर्ड आणि एकच पद्धत ठरवून घेतलेली बरी.

पुन्हा मराठी शब्द एका जागी स्थिर राहत नाही. 'पुरणपोळी'ची पुरणपोळीची होते, पुरणपोळ्या होतात, पुरणपोळ्यांना तूप लागते. ठराविक शब्दसमूह जसाच्या तसा अमुक वेळा आला पाहिजे हा इंग्रजीतला जुना आग्रह मराठीत आणला की 'रेसिपी मराठी मध्ये' असली लंगडी वाक्ये तयार होतात. त्यांची आता गरजही नाही. २०१९ मध्ये गूगलने 'बर्ट' नावाची पद्धत आणली तेव्हा दिलेले उदाहरण एका ब्राझीलच्या प्रवाशाचे होते. त्याला अमेरिकेला जायचे आहे, व्हिसा लागेल का? जुने यंत्र वाक्यातला 'ला' दाखवणारा छोटा शब्द दुर्लक्षित करून अमेरिकी लोकांनी ब्राझीलला कसे जावे ते सांगत बसे. आपल्याकडे 'पुण्याहून मुंबईला' आणि 'मुंबईहून पुण्याला' यांतला सगळा फरक प्रत्ययांत असतो. तेव्हा यंत्र प्रत्यय शिकू लागले असताना लिहिणाऱ्याने ते गाळून टाकणे हा उलटा प्रवास झाला.

प्रांताप्रांताचे शब्दही आहेत. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. नागपूरची सांबारवडी पुण्याचा माणूस 'पुडाची वडी' म्हणून शोधील, आणि कोणी 'कोथिंबिरीची वडी' म्हणून शोधेल तर त्याला भलतीच, वाफवून तळलेली वडी मिळेल. पाककृती लिहिणाऱ्याने पहिल्याच परिच्छेदात 'सांबारवडी, म्हणजे पुडाची वडी. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात' एवढे लिहिले की दोन्हीकडचे लोक पोचतात आणि वाचकाला एक नवी गोष्टही कळते. असे दोन शब्द देणे वेगळे. लोक चुकीचे शुद्धलेखन करून शोधतात म्हणून आपणही मुद्दाम 'माहीती' लिहिणे हे मात्र आपल्याच हाताने भाषेचे नुकसान करणे आहे, आणि त्यातून मिळत काहीच नाही, कारण अशा चुका इंजिन स्वतःच दुरुस्त करून घेते.

पत्त्याचा एक बारीक मुद्दा. पानाच्या वेबपत्त्यात देवनागरी चालते, पण तो पत्ता कॉपी करून कुठे चिकटवला की प्रत्येक अक्षराचा आणि प्रत्येक मात्रेचा नऊ-नऊ चिन्हांचा ताफा होतो. 'पोहे' हा एवढासा शब्द, त्याची छत्तीस चिन्हे होतात. व्हॉट्सॲपवर अशी लांबलचक शेपटी आली की पुष्कळ जण बिचकतात. पत्ता छोटा ठेवावा, हवा तर रोमन लिपीत. क्रमवारीत त्याने फारसे इकडचे तिकडे होत नाही.

वेगाबद्दल थोडक्यात. पानातला मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा गूगलचा निकष आहे. बोट लिंकेवर टेकवणार तोच वरून जाहिरात उतरते, पान खाली सरकते आणि बोट जाहिरातीवर पडते, हा अनुभव ज्याला आला नाही असा मोबाइलधारक विरळा. त्या हलण्याचेही मोजमाप होते. ताकद महत्त्वाची मजकुराचीच, पण पाच एमबीचा फोटो लहान करून चढवायला कोणाची हरकत असायचे कारण नाही.

विश्वासाचा मुद्दा मात्र थोडक्यात आटोपण्यासारखा नाही. निकालांचा दर्जा तपासण्यासाठी गूगल माणसे नेमते. त्यांच्या मार्गदर्शिकेत तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता हे निकष आधीपासून होते. २०२२च्या डिसेंबरात त्यांत 'अनुभव' जोडला गेला. लिहिणाऱ्याने ते स्वतः केले आहे का, पाहिले आहे का? ही माणसे एखाद्या पानाचा क्रमांक थेट बदलत नाहीत, पण यंत्र कुठल्या दिशेने सुधारायचे ते त्यांच्या शेऱ्यांवरून ठरवायला मदत होते. वकिलांच्या पानावर त्यांचे नाव हवे, ते किती वर्षे महसुली प्रकरणे चालवतात ते हवे, आणि पान शेवटचे कधी तपासले ती तारीख हवी. नुसती तारीख पुढे ढकलून जुनाच मजकूर ताजा म्हणून दाखवणे हा आजकालचा सोपा खोटेपणा आहे. ग्राहकांच्या खोट्या अभिप्रायांचाही तसाच सुळसुळाट झाला, म्हणून २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी 'आयएस १९०००' हे मानक काढले.

या सगळ्यात गूगलला न्यायदेवता समजण्याचे कारण नाही. नियम करणारी ही एक खासगी कंपनी आहे. ती त्याच निकालांच्या वर जाहिरातीची जागा विकते, आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधाच्या बाजारात तिने बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निकाल दिला. त्याच वर्षी निकालांच्या माथ्यावर यंत्राने लिहिलेली तयार उत्तरेही येऊ लागली, त्यामुळे पान पहिले आले तरी ते उघडले जाईलच याची खात्री उरलेली नाही. प्रामाणिकपणे लिहिणाऱ्यावर अन्याय होतो का? होतो. चांगली पाने मागे राहतात, आणि मेहनतीने लिहिलेले उत्तर यंत्र परस्पर वाचून दाखवते. तरीही फसवून वर गेलेल्याचे दिवस एका बदलापुरते असतात, हे पेनीच्या दोन तासांवरून दिसलेच. सातबाऱ्याचे पान नीट लिहिलेले असेल तर गूगलशिवायही ते चालते. तलाठी कार्यालयाबाहेरचा अर्ज लिहून देणारा ते आपल्या मोबाइलवर जपून ठेवतो आणि पुढच्या दहा जणांना पाठवतो.

राहिला प्रश्न पंधरा दिवसांत पहिल्या पानावर आणण्याची हमी देणाऱ्यांचा. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शक पानावर लिहिलेले आहे. एसईओसाठी माणूस नेमणाऱ्यांना सल्ला देणारा एक व्हिडिओ कंपनीने २०१७ मध्ये काढला, त्यात सुधारणा करून त्यांचा फायदा दिसू लागायला बहुतेक वेळा लागणारा काळही सांगितला आहे : चार महिने ते एक वर्ष.